सायबर सुरक्षेत करिअर करायचंय, पण वर्दीतून. हा रस्ता कुणी चाललंय का?

शून्यएक

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षी कॉलेजात सीटीएफ स्पर्धा झाली, म्हणजे मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या सिस्टीममध्ये शिरून लपवलेली खूण शोधून काढायची. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. रात्र रात्र नेटवर्कवरून जाणारी डेटाची पॅकेट वाचत बसते. गडबड नेमकी कुठून सुरू झाली याचा माग काढताना जो आनंद होतो, तो कोडिंग करताना मला कधी झाला नाही.

दुसरीकडे सैन्याची ओढ शाळेपासूनची. एनसीसीचं 'बी' सर्टिफिकेट आहे, 'सी'ची परीक्षा या वर्षी देईन. २०२२च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाचं काम कितीतरी दिवस कागदावर चाललं. मी बारावीत होते. ही बातमी वाचताना पहिल्यांदा वाटलं की याच्याशी कुणीतरी लढलं पाहिजे, आणि ते आपण का नसावं?

आता प्रश्न असा की शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलमधून (इंजिनिअरांसाठी ठरावीक वर्षांची अधिकाऱ्याची नोकरी) गेले तर सायबरचं काम खरंच मिळतं का? दहा वर्षांनी बाहेर पडले तर कंपन्या दारात उभं करतील का? आईचं म्हणणं, आधी दोन वर्षं नोकरी कर, मग बघ. बाबा काहीच बोलत नाहीत, आणि त्याचंच जास्त दडपण येतं. धाकटा भाऊ अकरावीला सायन्सला आहे, त्यालाही हेच करायचंय. ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी कृपया स्पष्ट लिहा. मन दुखेल म्हणून हातचं राखू नका.

तीव्रचौकस

बावीस वर्षं सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या दळणवळण शाखेत होतो, आता निवृत्त आहे. वयाने बराच मोठा आहे म्हणून एकेरी लिहितो. कामाचा तपशील लिहिणार नाही, तो लिहिता येत नाही. रस्ता कसा आहे ते मात्र सांगतो.

पहिली गोष्ट पक्की डोक्यात घे. आपल्या लष्करात सायबर अशी वेगळी कोअर नाही. तुला घेतील ते अधिकारी म्हणून. एसएससी टेक्निकलमधून (तू म्हणतेस तेच शॉर्ट सर्व्हिस) आलेली कॉम्प्युटरची मुलंमुली इंजिनिअर्स, सिग्नल्स किंवा ईएमई (यंत्रं-उपकरणं सांभाळणारी शाखा) यांपैकी कुठेही जाऊ शकतात. पसंती विचारतात, पण अकादमीतला तुझा क्रमांक आणि रिकाम्या जागा यांवर शेवटी ठरतं. समज, सिग्नल्स मिळालं. तरी पहिल्या दिवशी कुणी तुझ्यापुढे लॅपटॉप ठेवून 'शोध हल्लेखोर' असं म्हणणार नाही.

माझी पहिली पोस्टिंग सांगतो. वाळवंटात युद्धसराव होता. माझ्याकडे तीसेक जवान, दोन गाड्या, एक रेडिओ रिलेचं डिटॅचमेंट, म्हणजे रेडिओ संदेश पुढे पोचवणारी छोटी तुकडी. पहाटे तीन वाजता लिंक तुटली. मी आपला कॉन्फिगरेशन तपासतोय, फ्रिक्वेन्सी तपासतोय. हवालदार शांतपणे उठला, टॉर्च घेऊन जनरेटरपाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, डिझेलमध्ये वाळू गेलीय." फिल्टर साफ केला, लिंक उभी. त्याच रात्री एका जवानाची आई आजारी असल्याचा निरोप आला. त्याची रजा, त्याची गाडी, त्याच्या जागी दुसरा माणूस, हे सगळं सकाळी सहाच्या आत मलाच बघायचं होतं. पहिली तीन-चार वर्षं अशीच जातात. हे काम तुला ओझं वाटणार असेल तर सैन्यात येऊ नकोस. मी हे कळकळीने सांगतोय, कारण सायबरच्या आशेने आलेली आणि पहिल्याच युनिटमध्ये कोमेजलेली हुशार पोरं मी पाहिली आहेत.

आता सायबरचं. सिग्नल्सचं माहेर महू, तिथलं मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग. (महू म्हणजे बाबासाहेबांचं जन्मगाव. सुभेदार रामजी आंबेडकर तिथल्याच छावणीत नोकरीला होते. मी तिथे असताना दर १४ एप्रिलला गावात पाय ठेवायला जागा नसायची.) तरुण अधिकाऱ्यांचे कोर्स तिथे होतात, सायबरचं प्रशिक्षणही तिथे आहे. तिन्ही दलांची मिळून डिफेन्स सायबर एजन्सी २०१९मध्ये उभी राहिली. २०२३मध्ये लष्कराने कमांडच्या पातळीवर सायबर विंग उभारायचा निर्णय घेतला. म्हणजे मी लागलो तेव्हा जे नव्हतं ते आज आहे, आणि जागाही वाढताहेत. पण तिथे जायचं ते पोस्टिंगवर. दोन-अडीच-तीन वर्षं. हात बसतो न बसतो तोच हलवतात. परत यायला मिळेलच असं नाही. माझं नशीब की मला दोनदा मिळालं.

रात्रपाळी

मी खासगी क्षेत्रातला. एका मोठ्या कंपनीचं एसओसी सांभाळतो, म्हणजे चोवीस तास लॉग (सिस्टीमच्या नोंदी) आणि अलर्टवर डोळे ठेवून बसणारी टीम. मुलाखती मी स्वतः घेतो, म्हणून शून्यएकच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो.

माझ्या टीममध्ये एक माजी लष्करी अधिकारी आहेत. त्यांना घेताना मला शंका होती. टूल्सची नावं त्यांना माहीत नव्हती, जी आमच्याकडची दोन वर्षांची पोरं झोपेत सांगतात. 'काय काम केलंत?' विचारलं की तीन वाक्यांत संपवायचे, पुढे म्हणायचे, "याहून जास्त नाही सांगू शकत." बायोडाटा एका पानाचा.

मग २०२१चा डिसेंबर आला. लॉग-फोर-जे या लायब्ररीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार तुकड्यात, मोठं भगदाड सापडलं. ज्यांनी तो आठवडा काढलाय त्यांना सांगायला नको. जावाची ती लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे हेच कुणाला धड माहीत नव्हतं. दर तासाला वेगळी यादी, प्रत्येक जण फोनवर, वरचे लोक विचारताहेत की आपण सुरक्षित आहोत का. या गृहस्थांनी एक साधी वही उघडली. किती वाजता काय कळलं, कुणी सांगितलं, कोणता निर्णय कुणी घेतला, पुढचा आढावा किती वाजता. दोन दोन तासांच्या पाळ्या लावल्या आणि ज्यांची पाळी संपली त्यांना जबरदस्तीने झोपायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी आमचे लोक उभे होते, शेजारच्या टीमचे कोसळले होते. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

२०२२च्या एप्रिलमध्ये सर्ट-इनचा (सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्राची संस्था) नियम आला, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची. त्या सहा तासांत डोकं शांत ठेवून लिहू शकणारा माणूस मला टूल येणाऱ्या माणसापेक्षा मोलाचा वाटतो. टूल मी तीन महिन्यांत शिकवीन.

पण दुसरी बाजूही खरी आहे. ज्यांनी दहा वर्षांत एकदाही हाताने काम केलं नाही, नुसत्या फायली फिरवल्या, त्यांना मी घेऊ शकलो नाही. रँक मोठी होती, मन मोडून परत पाठवलं. सायबरमध्ये पाच वर्षं हात थांबला की हातातलं जातं.

मुलीचा_बाबा

शून्यएक, तुझे बाबा बोलत नाहीत त्याचं कारण मला ठाऊक आहे, कारण मीही बोललो नव्हतो. माझी मुलगी नौदलात आहे. ती निघाली त्या दिवशी स्टेशनवरही मी फक्त "डबा घेतलास ना" एवढंच विचारलं. एकदा त्यांच्यापाशी बस आणि तूच सुरुवात कर.

नौदलाचा पर्यायही बघ. त्यांची शॉर्ट सर्व्हिसची एक्झिक्युटिव्ह शाखेत आयटीसाठी वेगळी एंट्री असते, कॉम्प्युटर आणि सायबर सिक्युरिटीच्या पदवीधरांसाठी, मुलींनाही खुली. सुरुवातीचं प्रशिक्षण केरळात एळिमलाला.

ओटीएची_मुलगी

मी एसएससी टेक्निकलमधूनच गेले आणि दहा वर्षं करून मेजर म्हणून बाहेर पडले. तीव्रचौकस सरांचा शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या बाजूने थोडी भर घालते.

शून्यएक, आधी व्यवहाराचं. अंतिम वर्षाची मुलं अर्ज करू शकतात, वय २० ते २७. लेखी परीक्षा नाही, गुणांवर शॉर्टलिस्ट करतात, आणि शेवटच्या वर्षाला असलेल्यांचे सहाव्या सेमिस्टरपर्यंतचे गुण धरतात. तू तिसऱ्या वर्षाला आहेस, म्हणजे हेच सेमिस्टर तुझ्या कामाचं. सीटीएफच्या नादात विषय मागे टाकू नकोस. माझी मैत्रीण माझ्याहून हुशार होती, एका बॅकलॉगने टक्का घसरला आणि तिला एसएसबीचं, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाचं, बोलावणंच आलं नाही. पुरुषांना टीजीसी या इंजिनिअरांच्या कोर्समधून थेट पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी मिळते, तो रस्ता आपल्याला बंद आहे. 'सी' सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडने मिळालं तर एनसीसी स्पेशल एंट्री हाही रस्ता उघडा राहतो, त्यातही लेखी परीक्षा नसते.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, त्यात निम्म्याहून अधिक मंडळी दुपारीच बॅगा उचलतात. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या, साठ शब्द एकामागून एक, प्रत्येकाला पंधरा सेकंद. पुढे मैदानातले गटकार्य, मुलाखत, शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. मुलाखतीत मला विचारलं, "कॉम्प्युटरची पदवी, चांगल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात, मग इथे कशाला?" मी पाठ केलेलं देशप्रेमाचं उत्तर घशातच अडकलं. मी म्हटलं, "सर, कंपनीत माझ्या हाताखाली तीस माणसं यायला पंधरा वर्षं लागतील. मला ती तेविसाव्या वर्षी हवी आहेत." ते उत्तर खरं होतं. आज मागे वळून बघताना कळतं की मी सायबरसाठी सैन्यात गेलेच नव्हते. तू कशासाठी चालली आहेस हे एसएसबीआधी तुझं तुला कळायला हवं, कारण ते लोक पाच दिवसांत काढून घेतातच.

निवड झाली की ओटीएत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण अकादमीत, ४९ आठवडे. लॅपटॉपचं तोंडही विसरशील. दोरावर चढणं, पाठीवर ओझं घेऊन पळणं, झोप चार तास. मी पहिल्या महिन्यात दोनदा रडले, दोन्ही वेळा स्नानगृहात.

आता सायबर. माझ्या वाट्याला नेटवर्क सुरक्षेची एक जबाबदारी आली ती सहाव्या वर्षी. एक प्रसंग लिहिते, युनिट आणि जागा सांगत नाही. एका कारकुनाच्या मुलाच्या परीक्षेचा फॉर्म छापायचा होता. घरचा पेन ड्राइव्ह त्याने ऑफिसच्या मशीनला लावला. फक्त एक पान छापलं आणि काढला. मला लॉगमध्ये ते अकरा मिनिटांनी दिसलं. मशीनची वायर मी स्वतः ओढली. पुढचे तीन दिवस त्या एका मशीनचं पोस्टमॉर्टेम. त्यात साधं जाहिरातींचं मालवेअर निघालं, आणखी काही नाही. पण त्या अकरा मिनिटांत काय काय झालं असतं ते माझ्यासमोर उभं राहिलं. बाहेरच्या जगात चूक झाली की पैसे जातात. तिथे एखाद्या चौकीचा ठावठिकाणा जाऊ शकतो. तो कारकून माझ्यासमोर उभा होता, हात थरथरत होते, वीस वर्षांची निष्कलंक नोकरी. त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती आणि तो वाईट माणूस नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं मला कुठल्याही कोर्सने शिकवलं नाही.

गणकयंत्र

एक शंका. इस्रायलच्या ८२०० या लष्करी सायबर-हेरगिरीच्या युनिटमधून बाहेर पडलेली पोरं थेट कंपन्या काढतात. चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीचे गिल श्वेड तिथलेच, १९९३ साली कंपनी सुरू केली. मग आपल्याकडे ते का होत नाही? आपल्याकडे डोकी कमी आहेत का?

तीव्रचौकस

डोकी मुळीच कमी नाहीत. रचना वेगळी आहे. इस्रायलमध्ये सैन्यसेवा सक्तीची. अठराव्या वर्षी सगळा देश सैन्याच्या दारात उभा असतो, त्यातून चाळून घेतात, काही वर्षं तेच एक काम देतात आणि विशीतच बाहेर सोडतात. आपल्याकडे सेवा ऐच्छिक आणि लांब पल्ल्याची, अधिकारी सर्व कामांत फिरलेला हवा अशी पद्धत. एक सिग्नल अधिकारी उद्या सियाचीनच्या पायथ्याशीही कामाला आला पाहिजे.

अमेरिकेने २०१४मध्ये लष्करात सायबरची वेगळी शाखाच काढली. तिथे सैनिक भरती होतानाच सायबरचा ट्रेड घेऊ शकतो आणि त्यातच राहतो. जर्मनीने २०१७मध्ये स्वतंत्र कमांड उभी केली. सिंगापूरने २०२२मध्ये डिजिटल अँड इंटेलिजन्स सर्व्हिस हे चौथं दलच काढलं. माझं स्वतःचं मत, आणि सेवेत असतानाही योग्य त्या ठिकाणी ते मांडलं होतं, की आपल्याकडेही निवडक लोकांना एकाच कामावर आठ-दहा वर्षं ठेवलं पाहिजे. डॉक्टरला आपण दर तीन वर्षांनी तोफखान्यात पाठवत नाही. पण शून्यएकने आज निर्णय घ्यायचा तो आजच्या रचनेवर घ्यावा, माझ्या इच्छेवर नव्हे.

सुभेदारकाका

राम राम. मी रँकमधून, म्हणजे जवान म्हणून भरती होऊन वर आलेला माणूस, सिग्नल्समध्येच अठ्ठावीस वर्षं. इथे सगळे अधिकाऱ्यांचं बोलताहेत म्हणून लिहितो. गावाकडची पुष्कळ पोरं मला विचारतात की काका, अग्निवीर होऊन सायबर शिकता येईल का.

पोरांनो, हिशेब नीट समजून घ्या. योजना जून २०२२ची. चार वर्षं नोकरी. त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना पुढे कायम करतात. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, पेन्शन नाही. टेक्निकलमध्ये गेलात, ट्रेड चांगला मिळाला, तर केबल, रेडिओ, एक्स्चेंज, नेटवर्कचा पाया पक्का होईल. जबलपूरला आणि गोव्याला आमची ट्रेनिंग सेंटरं आहेत, तिथलं शिक्षण कच्चं नसतं. पण चार वर्षांत तुम्ही सायबर तज्ज्ञ होऊन बाहेर पडाल असं कुणी क्लासवाला सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. भरतीच्या अकादम्यांच्या फलकांवर आजकाल असलं काहीही लिहिलेलं असतं, ते वाचून जीव तुटतो. बापाने बैल विकून फी भरलेली असते.

ज्याला खरंच शिकायचंय त्याने चार वर्षांत पदवी बाहेरून पूर्ण करावी. माझ्या डिटॅचमेंटमधल्या एका पोराने रोज रात्री दिवे बंद व्हायच्या आधी पाऊण तास नेटवर्किंगचं पुस्तक वाचलं. रोज पाऊणच तास. आज तो बँकेच्या डेटा सेंटरला आहे.

शून्यएक पोरी, तुझ्या भावाला बारावीला पीसीएम चांगलं करायला सांग. टीईएसला, म्हणजे बारावीनंतरच्या टेक्निकल एंट्रीला, बारावीत ६० टक्के आणि जेईई मेन लागते. निवड झाली तर सैन्यच इंजिनिअर करतं, महूला, पुण्याच्या सीएमईला किंवा सिकंदराबादला. एनडीएचा रस्ता आहेच. संभाजीनगरच्या एसपीआयची (एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था) वेळ मात्र गेली, ती दहावीनंतर.

रात्रपाळी

काका, तो पाऊण तासाचा मुलगा मला द्या, उद्या नोकरीवर घेतो.

बाहेरूनच_बरा

मी तीनदा एसएसबी दिली. दोनदा स्क्रीन आउट, तिसऱ्यांदा कॉन्फरन्सपर्यंत जाऊन आलो. निवड झालेल्यांत आमचा छाती क्रमांक वाचला गेला नाही तो क्षण अजून स्वप्नात येतो. त्यामुळे ज्यांचं होणार नाही त्यांच्यासाठीही इथे चार ओळी असाव्यात असं वाटलं.

देशाच्या सायबर संरक्षणाचं काम फक्त वर्दीत होत नाही. सर्ट-इन आहे. महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांसाठी, म्हणजे वीज, बँका, दूरसंचार यांसाठी, एनसीआयआयपीसी आहे. डीआरडीओत शास्त्रज्ञ म्हणून जाता येतं. पोलिसांकडेही आता वेगळी फळी उभी राहतेय. २०२४च्या सप्टेंबरात केंद्राने सायबर कमांडो कार्यक्रम सुरू केला, पाच वर्षांत पाच हजार पोलिसांना तयार करायचं उद्दिष्ट आहे. पुण्यात गिरीनगरला डीआयएटी या संरक्षण खात्याच्या विद्यापीठात सायबर सिक्युरिटीचं एम.टेक. होतं, तिथे वर्दीतले अधिकारी आणि बिनवर्दीचे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. मी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा केला, सहा महिने घासून घेतलं त्यांनी, आणि आज जे करतो त्यात तीच झुंज आहे.

टेरिटोरियल आर्मीही लक्षात ठेवा. स्वतःची नोकरी सांभाळून, १८ ते ४२ वयापर्यंत. मी पुन्हा अर्ज केलाय. चौथ्यांदा.

ओटीएची_मुलगी

चौथ्यांदा! भाऊ, कळव नक्की.

शून्यएक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण वाचून झाल्यावर लॅपटॉप बंद करून गच्चीवर जाऊन बसले होते. माझ्या मनात चित्र होतं ते अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसलेल्या माणसाचं. डिझेलमधल्या वाळूचं नव्हतं. ताईंचा प्रश्न स्वतःला विचारला. सायबरची पोस्टिंग कधीच मिळाली नाही तरी मी जाईन का? पहिल्या दिवशी उत्तर 'नाही' आलं. दुसऱ्या दिवशी कॅम्पमधली एक रात्र आठवली. आमच्या तंबूत एका ज्युनियर मुलीला ताप भरला होता आणि मी रात्रभर तिच्या उशाशी बसून सकाळी तिच्या वाटची परेडची जबाबदारीही घेतली होती. त्या रात्री मला कंटाळा आला नव्हता. थकवाही नाही. मग उत्तर बदललं.

बाबांशी बोलले. ते म्हणाले, "मला भीती वाटते ती तू परत येण्याची. आल्यावर तुझ्या क्षेत्रात मागे पडलेली असशील." म्हणून आणखी विचारते. सेवेत राहून हात चालू कसा ठेवायचा? बाहेर सीटीएफ खेळता येतील का? बग बाउंटी, म्हणजे कंपन्यांच्या सिस्टीममधल्या त्रुटी शोधून बक्षीस मिळवणं?

तीव्रचौकस

बाबांची भीती अगदी रास्त आहे आणि त्यावर उपाय आहे, पण तो रोज करावा लागतो.

बग बाउंटी विसर. सेवेत असताना परवानगीशिवाय बाहेरचं उत्पन्न घेता येत नाही. ब्लॉग, भाषणं, समाजमाध्यमं यांवरही बंधनं आहेत. २०२०मध्ये लष्कराने ८९ ॲप्स फोनमधून काढायला सांगितली होती, फेसबुक आणि इन्स्टाग्रामसकट. शिवाय १९२३चा गोपनीयता कायदा निवृत्तीनंतरही तुझ्या डोक्यावर राहतो. सायबरच्या जगात नाव होतं ते लिहून, बोलून, शोधलेलं दाखवून. ते तुझ्या समवयस्कांचं होईल, तुझं होणार नाही. याचं दुःख होतं, मला झालं.

पण स्वतःचं स्वतः शिकायला कुणी अडवत नाही. स्वतःच्या मशीनवर, इंटरनेटला न जोडता, छोटी प्रयोगशाळा उभी कर. दोन-तीन व्हर्च्युअल मशीन पुरतात. लष्कराच्या आतही स्पर्धा होतात, युनिटमध्ये आधी नाव कळवून ठेव. सेवेत असताना आयआयटीत किंवा डीआयएटीत एम.टेक.ला पाठवतात, निवड होते त्यासाठी, प्रयत्न सोडू नकोस. माझं आयुष्य त्या दोन वर्षांनी बदललं.

रात्रपाळी

प्रमाणपत्रांचं मी सांगतो. सीआयएसएसपी या सायबर सुरक्षेच्या प्रमाणपत्राला पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि लष्करातलं सुरक्षेचं काम त्यात धरता येतं, म्हणून बाहेर पडायच्या वर्षभर आधी ते करून टाक. ओएससीपी, म्हणजे सिस्टीममध्ये शिरायच्या कौशल्याचं प्रमाणपत्र, मात्र जायच्या आधीच कर. चोवीस तासांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, मशीन फोडून दाखवावी लागतात, आणि एकविसाव्या वर्षी जी रात्र जागवता येते ती तिशीत जागवत नाही. दहा वर्षांनी तुझा बायोडाटा माझ्यापुढे आला तर 'गोपनीय' लिहिलेल्या रकान्यांवर मी अडून बसणार नाही. मी विचारीन की शेवटचं लॉग स्वतः कधी वाचलं होतंस. त्याचं उत्तर तयार ठेव.

ओटीएची_मुलगी

पैशांचंही बोलून टाकू, ते कुणी बोलत नाही. लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० आणि वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, भत्ते वेगळे. सुरुवातीला कंपनीतल्या मैत्रिणींपेक्षा तू पुढे असशील, पाच-सात वर्षांनी सायबरमधल्या मैत्रिणी पुढे जातील. दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडलीस तर ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. पेन्शनला अधिकाऱ्याची वीस वर्षं लागतात. पर्मनंट कमिशनची वाट मात्र १७ फेब्रुवारी २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आपल्यासाठी रुंद झाली आहे. मी बाहेर पडले ती मुलं लहान होती म्हणून. आज घ्यायचा असता तर तो निर्णय मी आणखी दोनदा तपासला असता.

बाहेर आल्यावर पहिले आठ महिने मला नोकरी नव्हती. पहिल्या तीन मुलाखतींत मी प्रत्येक वाक्यात 'आम्ही' म्हणत होते. 'तुम्ही स्वतः काय केलंत' असं विचारलं की माझी जीभ अडखळायची. 'मी' म्हणायला शिकायला वेळ लागला.

सुभेदारकाका

पोरी, धावायला लागलीस का? ओटीएत गेल्यावर सुरुवात करू म्हणशील तर नडगीचं हाड दुखावेल आणि टर्म मागे पडेल. मी पाहिलंय. आजपासून हळूहळू, मातीच्या रस्त्यावर, डांबरावर नको.

शून्यएक

काका, आज सकाळी सुरू केलं. दोन किलोमीटर, मध्ये तीन वेळा थांबले. भाऊ पुढे पळत होता आणि सायकलवरून बाबा मागे येत होते, काही न बोलता. सेमिस्टरची परीक्षा २५ दिवसांवर आहे, तोपर्यंत सीटीएफ बंद. जाहिरात आली की फॉर्म भरते आणि इथेच कळवते.

तीव्रचौकस

शूज एक नंबर मोठे घे. आणि एसएसबीचं सेंटर कळलं की इथे लिही, तिथल्या सवयी सांगतो.